वाल्व काढलेली गाडी

अधारतालच्या गॅरेजमध्ये मी गाडीची वाट पाहत होतो. बाकावर एक आई आणि तिचा मुलगा वाद घालत होते.

"आई, हा आवाज वाढवणारा लिंक पाइप काढून सायलेन्सरचा जुना वाल्व परत बसवून घेतो. गाडी फार बोंबलते."

"काढू नको."

"काहून? तूच तर शिव्या देत होती!"

"रविवारी पोरीकडचे येऊन राहिले नं."

"म्हणून तर! त्यांना मी सभ्य वाटलो पाहिजे."

"तुझे बाबा त्यांना नाट्यगीत ऐकवणार आहेत."

"अरे यार! पुन्हा?"

"मागचे पाहुणे पोहे टाकून उठले होते. या वेळी बाबांनी आलाप घेतला की तू अंगणात गाडी चालू कर. चांगली रेस देत राहा."

"पोरगी म्हणेल, मुलगा उनाड आहे."

"म्हणू दे. उनाड पोरांची लग्नं होतात, शंतनू. गाणाऱ्या सासऱ्याकडे कोण नांदायला येईल?"

मुलगा मेकॅनिककडे वळला. "भैया, वाल्व रहने दो. पाइप ही ठीक है."

आई मागून म्हणाली, "और भैया, इससे जोर का पाइप नहीं मिलता क्या? ये अंतरे में बहुत ऊपर जाते हैं."