डोळ्यांच्या गोळ्या

आत्या : हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय?

बाबा : तिचंच अक्षर आहे. सातव्या प्रश्नाखाली बघ.

आत्या : "वय सात ते दहा. डोळ्यांसाठी गोळ्या. रोज दोन." कुणी विचारलं होतं हिला?

बाबा : भरतीच्या फॉर्मनेच विचारलंय. पूर्वी कुठलं औषध जास्त दिवस घेतलं का. घेतलं, म्हणून लिहिलं.

आत्या : आणि वर फिट, आकडी, त्या चौकटीत "नाही".

बाबा : तिला जेवढं माहीत आहे तेवढं तिने खरं लिहिलंय.

आत्या : मग झालं तर. सैन्यात निघालेली पोरगी खरं लिहिते, अजून काय हवं? एवढी डोळ्यांची ओळ खोडायला सांग. नाहीतर तिथला डॉक्टर विचारेल, गोळीचं नाव काय. डोळ्यांसाठी कुणी तीन वर्षं गोळ्या देत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

बाबा : तिला नाही कळलं.

आत्या : तिला आईने सांगितलं होतं. आईने दिलेली गोळी कोण तपासत बसतं? अरे, तू एका जागी बस बघू. तो नळ तिसऱ्यांदा आवळतोयस.

बाबा : गळतोय.

आत्या : गळत नाहीये. ये इकडे. फोनवर म्हणालास लगेच ये, मी तीन जिने धापा टाकत चढले. पाच महिन्यांत दुसऱ्यांदा असा फोन केलास तू. पहिला हिची आई गेली तेव्हा.

बाबा : फॉर्म उद्या नऊला द्यायचाय. खाली पालकाची सही लागते. "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे."

आत्या : मग कर सही.

बाबा : माझी माहिती वेगळी आहे, ताई.

आत्या : नऊ वर्षं झाली गोळ्या सुटून. एकदा तरी पडली का ती? पळण्यात पहिली आली. डॉक्टरांनीच गोळ्या बंद केल्या, आपण नाही केल्या. बरं झालेलं दुखणं कुणी पाटीवर लिहून गळ्यात घालून फिरतं का?

बाबा : ती ट्रक चालवायला जातेय. तिच्या मागे वीस-पंचवीस माणसं बसणार.

आत्या : उद्या मीही जिन्यात चक्कर येऊन पडेन.

बाबा : तू पडलीस तर एकटी पडशील.

आत्या : वा. बहिणीवर माया बघा याची.

बाबा : आमच्या कामात लिफ्टच्या वर, मशिनच्या खोलीत एक वही टांगलेली असते. काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, सगळं लिहायचं. ब्रेक घसरतो हे आधीच्या माणसाने लिहिलं नव्हतं. दुरुस्त केला होता त्याने, त्याच्या मते. हे बोट बघ.

आत्या : सतरा वेळा बघितलंय ते बोट. पोरगी म्हणजे लिफ्ट नव्हे. तिने दोन वर्षं दुसरं काही बघितलं नाही. आई गेली त्याच्या अकराव्या दिवशी बूट घालून मैदानावर गेली. तेवढ्या एका गोष्टीवर उभी आहे ती, आणि तू तीच काढून घ्यायला निघालास.

बाबा : मला ते कळतं.

आत्या : आणि तिच्या आईला काय वाटलं असतं? कुणाला कळू दिलं नाही तिने. मला कळलं तेही चपलांच्या दुकानात मी बरोबर होते म्हणून. लग्न जमताना आड येईल, शाळेत वेगळं बसवतील, म्हणून गप्प राहिली. आणि आता ती नाही तर तू तोंड उघडणार.

बाबा : तिला विचारता येत नाही, ताई. रोज एक तरी गोष्ट निघते विचारायची. परवा गॅसची नळी कधी बदलली ते आठवेना. मी हाक मारली आत. मग उभा राहिलो तसाच.

आत्या : बस रे. पाणी पी.

बाबा : शेवटच्या आठवड्यात तिनेच विषय काढला होता. म्हणाली, वेळ आली तर सांगा तिला. मी विचारलं, वेळ आली हे कसं ओळखायचं. तोवर तिचा डोळा लागला होता.

आत्या : मग ती वेळ अजून आली नाही असं समज.

(दार उघडतं. मुलगी मैदानावरून पळून आली आहे.)

मुलगी : आत्या, तू कशी उगवलीस? थांब, जवळ येऊ नकोस, घामाने भिजलेय. बाबा, सही झाली?

आत्या : भिंगरी, आधी हे सांग, ही डोळ्यांची ओळ कशाला लिहिलीस? बालपणी शंभर गोळ्या खातात पोरं. खोड ती.

मुलगी : का? खरं आहे ते. भरतीचे साहेब परवा म्हणाले, मागच्या तुकडीत एकाने गुडघ्याचं ऑपरेशन लपवलं होतं. चौथ्या महिन्यात उघडकीला आलं, सामान उचलून घरी. म्हणाले, दुखणं सांगितलंत तर आम्ही विचार करू, लपवलंत तर विचारच नाही. म्हणून मी सगळं लिहून टाकलं. दात पडला तोही लिहिणार होते.

आत्या : हरिश्चंद्राची नात.

मुलगी : बाबा, तुम्ही उभे का?

बाबा : त्या गोळ्या डोळ्यांच्या नव्हत्या.

आत्या : झालं. बोललास.

मुलगी : मग कशाच्या होत्या?

बाबा : तुला फिट यायच्या. तीनदा आल्या. सात वर्षांची होतीस. पहिली शाळेत आली, तुला वाटलं तू प्रार्थनेच्या वेळी झोपलीस. दुसरी इथे, याच खोलीत. मी चमचा घेऊन तोंडात घालायला धावलो. आईने माझा हात झटकला, म्हणाली, काही घालायचं नाही, कुशीवर वळवा नुसतं. तिसरी चपलांच्या दुकानात. मग गोळ्या सुरू झाल्या. तीन वर्षं. त्यानंतर एकदाही नाही.

मुलगी : आत्या, हे खरं आहे?

आत्या : खरं आहे. पण बरी झालीस तू. ठणठणीत आहेस. हेही तेवढंच खरं आहे.

मुलगी : मी मैत्रिणींना सांगायची, माझे डोळे इतके चांगले आहेत कारण मी लहानपणी गोळ्या घेतल्या. डोळ्यांच्या तपासणीत शेवटची ओळ वाचली मी. मनातल्या मनात आईला थँक्यू म्हटलं.

बाबा : डोळे तुझे पहिल्यापासून चांगले आहेत.

मुलगी : मग आज कशाला सांगितलंत? एक दिवस आधी? तुम्ही बोलला नसतात तर मी खरी होते, बाबा. "नाही" लिहिलं होतं आणि ते माझ्यापुरतं खरं होतं. आता तेच लिहिलं तर मी खोटारडी. आणि "हो" लिहिलं तर घरी. काय ठेवलंत तुम्ही माझ्या हातात?

बाबा : बरोबर आहे तुझं.

मुलगी : बरोबर आहे म्हणू नका. भांडा तरी.

आत्या : मी संध्याकाळी पाच वाजल्यापासून हेच सांगतेय याला. ऐकेल तर शपथ.

मुलगी : आणि आई. आई मला तीन वर्षं रोज दोनदा खोटं बोलली.

बाबा : रोज दोनदा. हो.

मुलगी : तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात.

बाबा : मी पाणी द्यायचो.

मुलगी : थांबा. पोहायला म्हणून नाही सोडायची?

बाबा : हो.

मुलगी : सायकल?

बाबा : सायकलही.

मुलगी : गच्चीवर सगळी पोरं पतंग उडवायची आणि मी खिडकीत. वर्गातल्या सगळ्या पोहायला गेल्या त्या उन्हाळ्यात मी तिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. गोळ्या बंद झाल्यावरही नाही सोडलं तिने.

बाबा : डॉक्टर म्हणाले होते चालेल. तिची छाती झाली नाही.

मुलगी : दवाखान्यात, बाबा. शेवटच्या महिन्यात. तिने विचारलं, सैन्यातच का? मी म्हटलं, तू मला आयुष्यभर बांधून ठेवलंस म्हणून. असं म्हटलं मी तिला. ती नुसती चादर नीट करत राहिली.

आत्या : भिंगरी. इकडे ये.

मुलगी : घाम आहे.

आत्या : असू दे. ये.

बाबा : तू गेल्यावर तिने मला सांगितलं ते. रागाने नाही. म्हणाली, पोर बरोबर बोलते, पण दुसरं काय करायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.

मुलगी : ती मला का नाही बोलली?

बाबा : मलाही माहीत नाही. मी तिला विचारायला हवं होतं.

मुलगी : तुम्ही सही करणार का, हे आहे तसं ठेवलं तर?

बाबा : नाही करणार.

आत्या : हट्टी आहे मेला लहानपणापासून.

बाबा : फॉर्म तुझा आहे. दुसऱ्या कुणाची सही चालते का ते विचारू शकतेस. आत्या करेल. मी तुला अडवणार नाही आणि तिथे जाऊन काही बोलणारही नाही. पण माझी सही नाही.

आत्या : आण इकडे. करते मी. पेन दे.

मुलगी : नको, आत्या.

आत्या : अगं, दोन वर्षांची मेहनत आहे.

मुलगी : तीन. ते साहेब गुडघेवाल्याबद्दल सांगत होते ना, तेव्हा मी मान हलवत होते. पहिल्या रांगेत बसून. सरळ रेघ मारून वर "हो" लिहू की नवा फॉर्म घेऊ?

बाबा : रेघ मार. शेजारी तुझी सही कर. खालचं दिसायला हवं.

मुलगी : शेवटची कधी? महिना?

आत्या : शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडा. नव्या चपलाच घ्यायला गेलो होतो. एक पायात होती, दुसरी खोक्यात.

मुलगी : तारीख?

बाबा : तारीख आईला पाठ होती.

मुलगी : "तारीख आठवत नाही" लिहिते. गोळीचं नाव?

बाबा : जुने कागद तिच्या कपाटात असतील. मी ते उघडलेलं नाही अजून.

मुलगी : मी उघडू?

बाबा : नको. मी बघतो. नाही, तूही चल.

आत्या : मी चहा टाकते. दोघंही आधी बसा जरा. कपाट काही पळून जात नाही.

मुलगी : बाबा, त्यांनी घेतलं नाही तर?

बाबा : मला माहीत नाही.

मुलगी : काहीतरी बोला.

बाबा : खोटं बोलू? घेतीलच असं सांगता येत नाही. त्यांचे डॉक्टर कागद बघतील, परत तपासतील, वेळ लावतील. कदाचित ट्रक देणार नाहीत, दुसरं काही देतील. कदाचित काहीच नाही.

मुलगी : नऊला जायचंय. मला एकटीला नाही जायचं उद्या.

बाबा : मी येतोय. सुट्टी टाकलीय.

आत्या : सुट्टी? कधी टाकलीस?

बाबा : दुपारी. तुला फोन करायच्या आधी.