सासूच्या जिभेवरचे टाके

— नाही, आधी चव घे, मग डोळे वटार. मीठ आहे. या वेळी मी स्वतः चाखून बघितलंय, दोनदा. मरजाननं केलंय, माझ्या नातीनं, तुझ्या होणाऱ्या सुनेनं — सकाळपासून चुलीवर चणे, मसूर, पालक, वरून शेवया, अशी दाट आश — आणि म्हणाली, आजी, तुबामावशीला आश तूच भरव, मला रडू येतं. आता मला काय, मला कशानंच रडू येत नाही, अख्खं गाव ओळखतं मला. उघड तोंड. डावीकडून घे, उजवीकडून ओघळतं. हां. सांडलं तर सांडू दे, फक्त रजईवर नको —

हो, तीच रजई. नवरा-नवरीची. परत आणली. तुझ्या कोरसीच्या चौरंगावर पसरते, म्हणजे खालच्या शेगडीतल्या निखाऱ्यांची ऊब तुलाही आणि काम मलाही. काठाला एक टाका चुकलाय, तेवढा उसवायचाय. पाय आत घे. उजवा मी उचलते — जड झालाय गं बये, पिठाचं पोतं नुसतं. ऐक, फावडं वाजतंय ना वर, तुझा फरामर्ज छपरावरचं बर्फ ढकलतोय. नवरदेव. तेवढ्यात आपलं उरकेल. आणि हे तुझं विणकाम — मोजा टाचेवरच अडकलाय, म्हणून मी दोन ओळी घातल्या, तर मध्ये हे भोक पडलं, उंदीर जाईल एवढं. तशी बघू नकोस. उसवीन तेही. आज उसवायचाच दिवस आहे.

काय? काठच म्हटलं ना. रंगीत दोरे कुठले — बोट कशाला दाखवतेस — बरं, आहेत. आतल्या बाजूला, कोपऱ्यात. तुला ठाऊक आहे ते काय ते. लग्न लागताना नवरीच्या डोक्यावर कापड धरून आपण बायका त्यात सात रंगांचे दोरे घालतो आणि म्हणतो, सासूची जीभ शिवली, सासूची जीभ शिवली — आणि सगळ्यांत मोठ्यानं हसते ती सासूच. तुझ्या सासूची मीच शिवली होती, आठवतं? म्हातारी मरेपर्यंत बोलत होती, मेल्यावरही दोन दिवस बोलेल असं वाटत होतं. खेळच तो. दोऱ्याला गाठ मारतच नाहीत, ओढला की सुळकन बाहेर. तसाच मीही घातला, गमतीनं, लग्नानंतर तुला दाखवीन, तू मला चप्पल फेकून मारशील —

गाठी मारल्या मी. सातही दोऱ्यांना.

डॉक्टर म्हणाला, डोक्यातली नस. हमदानचा डॉक्टर, चष्मेवाला. त्यानं रजई उलटून बघितली होती का? दुपारी मी गाठी मारल्या आणि दुसऱ्या सकाळी तू चहा मागायला तोंड उघडलंस ते वाकडंच राहिलं. मग? कुणाला सांगू मी हे? तुलाच सांगतेय. तू कुणाला सांगणार नाहीस — चुकले, हे नको होतं म्हणायला. सवय आहे गं तोंडाला.

राग आला होता मला. इथंच बसलो होतो सगळ्या, रजईचा कापूस पसरलेला, आणि मरजानची आश अळणी निघाली. तू म्हणालीस, आजीचाच हात आलाय नातीला. सगळ्या खिदळल्या. त्याचा राग — त्याचा नाही. त्याचा कसा येईल, मीच पोरीला सांगितलं होतं, मीठ घातलंय मी, तू घालू नकोस. तुझं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. आणि वाटलं, तू म्हणशील नको ही सून. तू कसली म्हणतेस. दोन वाडगे संपवलेस, आणि वर मला म्हणालीस, अगं खावर, पुढच्या हिवाळ्यात ही आमच्या कोरसीत पाय घालून बसेल, तू आपली तुझ्या कोरसीत एकटी, हवे तेवढे पाय पसर. हसत म्हणालीस, माहीत आहे मला. मीही हसले. मग सुईत दोरा ओवला.

आता बघ. फरामर्ज म्हणतो, आई बोलेपर्यंत लग्न नाही. झालं ना माझ्या मनासारखं? पोर माझ्याच कोरसीत बसते, रोज. गुडघ्यावर हनुवटी ठेवून. शब्द बोलत नाही. तुझ्यासारखीच.

हा लाल निघाला. हा पिवळा. निळा तुटला, पण निघाला. आता बोल बघू काही. शिवी दे, मला चालेल, हवी तर माझ्या मेलेल्या नवऱ्याला दे. नाही? थांब, सातवा राहिलाय, हिरवा, तो कापसात रुतलाय. मला दिसतच नाही. तुझी नजर चांगली, तू दाखव कुठं — अगं, सुई ठेव. डाव्या हातानं टोचून घेशील. कुठं आणतेस ती? माझ्या तोंडाशी? — असं होय. आता माझी जीभ शिवायचीय तुला.

हसतेस की रडतेस? वाकड्या तोंडाचं मेलं कळतही नाही.

बरं. शिव. हात पोचत नाही तुझा, मी पुढं होते. गाठही मार, तुबा, माझ्या ओठांना घट्ट लागते. ही बघ, मी आता —