भरल्या दवाखान्यात

आखाती देशातल्या दार्सैतच्या दवाखान्यात कृष्णकांत छाती चोळत नंबरची वाट बघत होता. शेजारी दोन उंचपुरे काळे सिक्युरिटी गार्ड, एक युगांडाचा, एक केनियाचा, हातात हात धरून इंग्रजीत बोलत होते.

युगांडाच्याने केनियाच्याला विचारलं, "डॉक्टरला नुसतं छातीत दुखतंय म्हणणार?"

"मग काय, रडू येतंय म्हणू?"

"म्हण. भावाची माती तू संडासात लपून मोबाइलवर पाहिलीस."

"चारचौघांत पुरुषाने रडायचं कसं, ओकेलो?"

"आई गेली तेव्हा मी तुझ्याच खांद्यावर रडलो. बायकी वाटलो का तुला?"

"छे! वाटलं, असं रडता यायला हवं."

"मग रड. मी आहे ना."

केनियाचा तो गडी भरल्या दवाखान्यात हमसून हमसून रडला.

कृष्णकांतने घरी बायकोला फोन लावला.

"नयना, बाबा गेल्याचं कळल्यावर मी ठीक आहे म्हणालो ना? नाहीये गं."