शेवंताबाईंच्या गाठी आणि हरभऱ्याची आंब

मंगळवार, नऊ सप्टेंबर. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ही वेळ मी घड्याळात बघून लिहून ठेवली आहे, आणि आज बोलायला तिथूनच सुरुवात करते. मंडळी, माफ करा. शोकसभेत आधी गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात, हे मला ठाऊक आहे. पण शेवंताबाई गेल्यापासून त्यांचं नाव घेतलं की मला रडू येतं. राग आला की मात्र मला नीट बोलता येतं. म्हणून आधी राग.

त्या वेळी मी अकोट रस्त्यावरच्या एका खाजगी बीज केंद्राच्या गोदामात उभी होते. समोर भांडारपाल शेवंताबाईंच्या हरभऱ्याच्या पुरचुंड्या सोडत होता आणि बी एका पोत्यात ओतत होता. बावीस पुरचुंड्या. मी पोहोचले तेव्हा शेवटची त्याच्या हातात होती. मी ओरडले, "अहो, थांबा!" तो म्हणाला, "म्याडम, यावर चिठ्ठी नाही. रजिस्टरात काय लिहू? हरभरा तो हरभराच." आणि ओतली.

हरभरा तो हरभराच!

इथं जमलेल्या अर्ध्या बडनेऱ्यानं शेवंताबाईंची मेथी खाल्ली आहे, त्यांचे टोमणेही खाल्ले आहेत. पण त्या पुरचुंड्यांत काय होतं, हे कितीजणांना माहीत आहे? बारा वर्षांपूर्वी मलाही नव्हतं. मी रसायनशास्त्राची शिक्षिका. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. प्रयोगशाळेतलं काहीही जिभेला लावायचं नाही, हा नियम सिस्टरांनी मला शिकवला आणि मी तीस वर्षं मुलींना शिकवला.

एका थंडीत शेवंताबाई भाजी घेऊन फाटकाशी आल्या. हातात एक बाटली, आत गढूळ पाणी. "म्याडम, हे घ्या. पोटाले चांगलं." मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "हरभऱ्याची आंब. सांजच्याले पिकावर धोतराचं फडकं पसरून ठेवाचं, पहाटे दवात भिजलं का पिळाचं." मी म्हटलं, न तपासता मी काही पीत नाही. शेवंताबाई म्हणाल्या, "मंग तपासा नं. शिकून कायले ठेवलं?"

तपासलं. लिटमसचा कागद टाकल्याबरोबर लाल झाला. मंडळी, हे आम्ल हरभऱ्याचं झाड स्वतः तयार करतं. पानांवर, घाट्यांवर बारीक केस असतात. त्यांच्या टोकाला हे आम्ल थेंबाथेंबानं साचतं. मॅलिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल. कशासाठी? तुमच्या-माझ्या पोटासाठी नव्हे. घाटेअळीसाठी. नुकती जन्मलेली अळी हा पाला खाते आणि नीट वाढतच नाही. झाडाला पळता येत नाही, हात उचलता येत नाही. म्हणून ते रसायन वापरतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पायात चप्पल घालून. शेवंताबाई त्याच शेतात अनवाणी फिरायच्या आणि पाय चुरचुरले की म्हणायच्या, "औंदा आंब चांगली हाये."

मग मला नादच लागला. मी विचारायची, त्या दाखवायच्या. त्या विचारायच्या, मी पुस्तकं उलटायची. एकदा कपाशीचं पान उन्हात धरून म्हणाल्या, "हे काये ठिपके दिसते का? कीड इथं तोंड नाई घालत. काहून?" मी सांगितलं, त्या काळ्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचं विष असतं, सरकीतही असतं. त्यावर लगेच पुढचा प्रश्न. "मंग म्हैस सरकी खाऊन मरत काहून नाई?" दोन दिवस वाचून मी उत्तर आणलं, की म्हशीच्या पोटात ते विष बरंचसं बांधलं जातं. शेवंताबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे म्हैस तुमच्याहून हुशार. तिनं पुस्तक नाई पायलं."

तर गाठी. शेवंताबाई दर हिवाळ्यात घाटे धरायच्या वेळी शेतात झाडागणिक एक पान जिभेवर ठेवायच्या. ओळच्या ओळ. चाखलेल्या झाडाला रंगीत चिंधी बांधायची, पिकल्यावर त्याचं बी वेगळं काढायचं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायचं. फिक्या आंबटाला एक गाठ. बरोबर असलं की दोन. दात आंबले की तीन. सासूनं त्यांना हेच शिकवलं होतं.

मला खोटं वाटलं. जीभ म्हणजे काय मोजमाप? मी चार ओळींची आंब चार बाटल्यांत घेतली, घरी ब्युरेट लावून प्रत्येकीतलं आम्ल मोजलं. शेवंताबाईंनी त्याच बाटल्या चाखून क्रम लावला. दोन जुळल्या, दोन उलट निघाल्या. मी विजयानं सांगितलं, चुकलात! म्हणाल्या, "पुना मोजा." पुन्हा मोजलं. चूक माझी होती.

मग मी शहाण्यासारखं विचारलं, सगळं तीन गाठींचंच का पेरत नाही? त्या म्हणाल्या, "म्याडम, झाडानं सारी ताकद आंबीतच घातली तं घाट्यात दाना कायचा भरन?" दोन गाठींचं मधे, तीन गाठींचं धुऱ्याला, बांधाच्या कडेनं. अळीची पहिली गाठ जास्त आंबट झाडाशी पडायची. झाडाला स्वतःच्या बचावाची किंमत मोजावी लागते, हे मी पुढे निवृत्तीनंतर एका जाडजूड पुस्तकात वाचलं. शेवंताबाईंनी ते धुऱ्यावर उभं राहून सांगितलं होतं.

असं ते बी होतं. अभ्यास करू म्हणून केंद्रानं जूनमध्ये नेलं. चिठ्ठ्या मी लिहायच्या होत्या. लिहिल्या नाहीत. गाठी आहेत ना, म्हटलं, त्यांना समजेल. एवढा माझा गुन्हा, तो मी इथं सगळ्यांसमोर कबूल करते.

नऊ तारखेच्या दुपारी मी दवाखान्यात, शेवंताबाईंच्या खाटेशी गेले. शेवंताबाईंना सांगू की नको? त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. सांगितलं. सून सुनंदा उशाशी बसली होती, ती रडायला लागली. शेवंताबाईंनी तिला हातानं थांबवलं. मग म्हणाल्या, "साऱ्या गाठी सोडल्या? बरं. पेरा मंग सगळं. पौषात चाखा."

मी म्हटलं, "कोण चाखणार?"

"तुमी. तुमची जीभ तं साऱ्या बडनेऱ्यात मशूर हाये."

सुनंदा रडता रडता हसली. चार दिवसांनी शेवंताबाई गेल्या.

अजून एक गोष्ट त्यांनी मला विचारली होती, तिचं उत्तर मी देऊ शकले नाही. "झाडाले कसं समजते, का अळी आली म्हून?" कुरतडलं की कपाशी हवेत वास सोडते, त्या वासावर अळीच्या शत्रू असलेल्या गांधीलमाश्या येतात, एवढं मी सांगितलं. पण कसं समजतं? मेंदू नाही, डोळे नाहीत. पुरतं मला अजूनही कळलेलं नाही, आणि मला ते समजून घ्यायचं आहे. त्यासाठी ते पोतं हवं आहे.

सुनंदाचं शेत तयार आहे. दिवाळीच्या आधी पेरणी व्हायला हवी. पौषात प्रत्येक झाड चाखायचं, तर माझी एकटीची जीभ पुरणार नाही. इथल्या बायांनो, पहाटे शेतावर या. सिस्टरांचा नियम मी मोडला आहे, तुम्हीही मोडा.

बीज केंद्राचे प्रमुख आज हार घेऊन आले आहेत. दुसऱ्या रांगेत बसले आहेत. आलात, बरं वाटलं. पण परवा फोनवर तुम्ही म्हणालात, की ते बी आता 'स्थानिक, मिश्र' म्हणून वाटून टाकायचं ठरलं आहे. एक दाणाही वाटायचा नाही.

आता आपण शेवंताबाईंसाठी दोन मिनिटं उभं राहू. कोणी काही बोलू नका. त्यानंतर, साहेब, तुम्ही बसू नका. माझ्या हातातलं हे पत्र घ्या. पोतं जसंच्या तसं परत करणार की नाही, आणि बी शेवंताबाईंचं होतं व तुमच्या गोदामात मिसळलं गेलं हे मान्य आहे की नाही, एवढंच विचारलं आहे. फोन नको, निरोप नको. लेखी उत्तर, तुमच्या सहीचं, मंगळवार तीस सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.