गार झालेला भात

दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंना परदेशात शिकणाऱ्या लेकीचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला. त्यांचा नवरा बाजूला पेपर वाचत होता.

“आई, मी ज्यांच्याकडे राहते ना, काल त्यांना मी जेवायला केलं.”

“मीठ नीट पडलं ना?”

“पडलं गं. पण मी वाढत उभी, आणि कुणी घासच घेईना.”

“आवडलं नसेल.”

“नाही गं, सगळे मी कधी बसते याची वाट बघत होते. शेवटी त्यांच्या घरातल्या आजोबांनीच माझं ताट वाढलं.”

“अगंबाई. मग भात गार झाला असेल.”

“झाला. तरी पातेलं चाटूनपुसून.”

फोन ठेवून बाई नवऱ्याकडे वळल्या.

“ऐकलंत?”

“ऐकलं. आजपासून मीही थांबत जाईन तुझ्यासाठी.”

“बसून थांबू नका. उठून ताटं घ्या.”