इंजिनावरचं कुंकू

सांगते, पण हसू नका. आमच्या ह्यांना रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा भारी शौक. एकदा गाडी उलटता उलटता राहिली, तेव्हा दसऱ्याच्या पूजेत मी इंजिनाला कुंकू लावलं आणि त्यावर ह्यांचा हात ठेवून शपथच घ्यायला लावली, की पुन्हा ट्रॅकवर जाणार नाही.

परवा गाडी गॅरेजमधून आली. हे शिटी वाजवत फिरत होते, तिथंच मला शंका आली. बॉनेट उघडलं, तर कुंकवाचा डागसुद्धा नाही!

"अहो, कुंकू कुठं गेलं?"

"धुतलं असन गॅरेजवाल्यानं."

"अन् इंजिन काहून नवं दिसून राहिलं?"

हे आरसा पुसायला लागले. "बदलवलं. जुनं लय तेल पीत होतं."

"अन् हेल्मेट कपाटातून कायले काढलं?"

"रविवारी ट्रॅकवर जाऊन राहिलो. शपथ जुन्या इंजिनाची होती ना वं! ते तर भंगारात गेलं."

मी देवघरातून करंडा आणला. हे बॉनेटला आडवे आले. "नव्याले नको लावू!"

मी कुंकू ह्यांच्याच कपाळाला लावलं. "जा, पण सांभाळून चालवीन अशी शपथ घ्या. आता हे कपाळ बदलवून दाखवा कोण्या गॅरेजात!"