खाऊ म्हणून पाठवलेले पैसे

नाही हो राजनदादा, चहा राहू दे, आधी हे सांगा – इथल्या अर्ध्या मराठी लोकांचे कराचे अर्ज तुम्ही भरून देता – मी दर महिन्याला नीरजाच्या खात्यात संहितासाठी पैसे टाकलेत हे दिसतंय ना? मग करसवलतीला अडचण काय? रकमेशेजारी 'खाऊ' लिहिलंय म्हणून? मग काय लिहायचं होतं, पोटगी? शी! शब्दच ओंगळ. कोर्टातला वास येतो त्याला. इथले डच लोक तिला अलिमेन्टात्सी म्हणतात, वीजबिल म्हणावं तसं, आणि घटस्फोटानंतर नीरजाही तसंच म्हणायला लागली. माझी पोरगी आहे ती. तिला मी पोटगी देऊ? बाप खाऊ देतो.

आयटीतली नोकरी होती तेव्हा ही सवलत मी मागितलीसुद्धा नाही. आता हूफडॉर्पच्या गोदामात पार्सलं लावतो, भाडं भरलं की हात रिकामे – त्यात पुढच्या वर्षीपासून सवलतच बंद करतायत म्हणे, म्हणून आलो. काय? नीरजाकडून लिहून आणू? आणलंय की. काल उइटहॉर्नला तिच्या घरी गेलो, दारातच उभा राहिलो. तिनं आढेवेढे घेतले असते तर बरं झालं असतं, भांडलो तरी असतो! पण नाही, लगेच लिहून दिलं – हा खाऊ नसून मुलीच्या पालनपोषणाचा खर्च आहे – आणि वर विचारते, जेवलास का? किळस आली मला. तिची नाही हो. त्या कागदाची... माझीच, जाऊ दे.

आणि संहिता जिन्यात बसलेली. मराठी सगळं कळतं तिला, बोलते डचमध्ये. म्हणाली, बाबा, तो खाऊ नव्हता? मी म्हटलं, अगं, करवाल्यांसाठी तसं लिहावं लागतं. तर शांतपणे म्हणते,

"मग मला खाऊ कधी दिलास?"

दिला असेल ना कधीतरी? मला आठवेना. पैसे वेळेवर जातायत म्हटल्यावर मी तिकडे – गेलोच नव्हतो हो, किती महिने. जाऊन काय करायचं, नीरजाचं तोंड बघायचं? खाऊ पोचत होता ना!

आणा तो नीरजाचा कागद इकडे. आणा म्हणतो ना. सवलतीचा रकाना कोरा सोडा, बाकीचा अर्ज पाठवून द्या. नाही, समजावू नका मला. आणि असं बघूही नका.